खांब वाजवताना

सकाळी सहा-चाळीसला, मुलांच्या आधी,
मी पाना घेऊन कोर्टावर उतरतो.
घणसोलीची खाडी इथून दिसत नाही,
पण तिचं मीठ येतं, रात्रभर येत राहतं
आणि निवांत बसून लोखंड खातं.

पाना खांबावर मारतो, कान लावतो.
टण्ण म्हणजे आहे.
बद्द म्हणजे आतून गेलंय,
वरचा निळा रंग नुसता शिष्टाचार.

रबाळ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं टाक्या वाजवल्या.
कारखाना गेला, कान राहिले.
शाळेनं शिपाई म्हणून घेतलं, घंटा हातात दिली.
खांबाचं कुणीच सांगितलं नव्हतं.

मग उकिडवा बसून जमीन चाचपतो.
बास्केटखाली सिमेंट सुटलंय,
पिठासारखी रेती निघते,
धावता पाय तिच्यावर थांबत नाही, जातोच.
झाडून घेतो.
गच्चीवरची टाकी ओसंडून साठलेलं पाणी पोत्यानं टिपतो.

शिर्के मॅडम रांग करून हात पुढे करायला लावतात. नखं.
कानातलं काढ, इफ्फत. ते कडं, प्रीतेश.
"मॅडम, देवीचं आहे."
"देवी बसेल तासभर डब्यात."
श्रीखंडाचा रिकामा डबा,
त्यात कडी, रिंगा, दोन घड्याळं, कुणाची तरी चांदीची साखळी.
नाडीला दोन गाठी.
उडीवरून उतरताना गुडघे वाकव,
पोतं टाकल्यासारखी नाही, मांजरासारखी ये खाली.
सोहमच्या चष्म्याला मागून इलॅस्टिक,
मॅडमनीच शिवलेलं, परकराच्या नेफ्यातलं.
तो लाजतो, पण बांधतो.

गेल्या मंगळवारी उत्तरेकडचा खांब बद्द म्हणाला.
जमिनीपासून वीतभर, काँक्रीट संपतं तिथंच.
नखानं खरवडलं
तर चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले.
शनिवारी वाशीच्या शाळेशी सामना.
मी फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं.

मुख्याध्यापक म्हणाले, घरतमामा, चार दिवसांचा तर प्रश्न.
मी म्हटलं, साहेब, कान लावा.
ते वाकले, टाय सावरत. मी पाना मारला.
"मला तर नेहमीसारखाच वाटला."
खरंय. त्यांना नेहमीसारखाच वाटणार.
मॅडमनी माझ्या हातातली चावी घेतली,
स्वतःच्या पर्समध्ये टाकली, चेन ओढली,
आणि सातवी ब च्या तासाला निघून गेल्या.

सामना वाशीला हलवला. आम्ही हरलो, एकोणतीस-चौदा.
प्रीतेश, रिंगला लोंबकळल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही,
तीन दिवस माझ्यासमोरून मान वळवून गेला.
जाऊ दे.
धडधाकट पोराचा राग बरा.

कार्यालयात अपघात नोंदवही असते:
तारीख, नाव, इजा, केलेला उपचार.
मी पानं उलटली.
ऑगस्ट कोरा. सप्टेंबरात एक सुजलेलं बोट, बर्फ.
खांबाचं कुठल्या रकान्यात लिहायचं
ते काही कळेना. वही जागेवर ठेवली.

आज वेल्डर आला.
खांब कापून आडवा केला तेव्हा
आतून गंजाचं लाल पीठ सांडलं,
अडीच घमेली. मीच भरली.
पोरं कडं करून उभी,
एरवी मधल्या सुट्टीत एवढं गप्प कुणी नसतं.
प्रीतेशनं वाकून बोट बुडवलं,
अंगठ्यावर चोळलं,
मग वर बघितलं, जिथं रिंग असायची,
तिथं सेक्टर सातच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे.

"मामा, पाना द्या जरा."

दिला. जड असतो, त्याचा हात आधी खाली गेला.
दक्षिणेकडच्या खांबापाशी जाऊन
त्यानं मारला, कान टेकवला, डोळे मिटले.
मला इथूनच ऐकू आलं होतं.
तरी म्हटलं,
परत मार. अजून थोडं खाली.