सोळा ठिपके

सहाव्या टप्प्यावरची ती दरी
सोळा ठिपक्यांची आहे.
किटलीची उडी पंधरा ठिपक्यांची.
उरलेला एक ठिपका
कड्याच्या अगदी शेवटच्या टोकावरून
चोरून आणायचा असतो.

हे मला ठाऊक आहे, कारण
ती दरी माझ्यामुळे एवढी राहिली.

कानाझावात, धुलाईच्या दुकानावर एक खोली होती.
तीन टेबलं, रॉकेलचा स्टोव्ह,
आणि सिगारेटच्या धुरात बसून चार माणसं
दोन पायांच्या किटलीला चालायला शिकवत होती.
आई तिथली फरशी पुसायची.
शाळा सुटली की मी जिन्यात बसून
संत्री सोलायचे, आणि साली
बोटांनी चेपून खिशात ठेवायचे.

"मिसाओ, इकडे ये," इनागाकीसान म्हणाले.
"आमच्या तर नाकी नऊ आलेत.
लहान पोराला जमते का, बघू."

हातात विटेएवढा राखाडी डबा.
पडदा गढूळ हिरवा, तळ्याच्या काठच्या पाण्यासारखा,
उजेडाकडे तिरका धरला तरच काही दिसेल असा.
किटली धावत सुटली, झाकण खडखडत.
मी मात्र
खिडकीतून समोरचं छप्पर बघत होते.
त्यावरून बर्फाची अख्खी लादी
हळूच, अगदी हळूच घसरत होती,
आता पडेल,
आता

धप्प.

मी दचकले. अंगठा दाबला गेला.
किटली पलीकडे उभी.

चारही माणसं ओरडली. कुणीतरी
माझ्या केसांवरून हात फिरवला.
आई फडकं हातात घेऊन दारात आली,
तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते
मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.
इनागाकीसाननी वहीत लिहिलं: सोळा. ठेवा.

पुन्हा करून दाखव, असं कुणीच म्हणालं नाही.
मग अकरा वर्षांच्या मी तरी
कशाला तोंड उघडू?

पुढच्या हिवाळ्यात वर्गातली निम्मी पोरं
डोळे सुजवून शाळेत यायची.
खेळ मध्येच राखून ठेवायची सोय नव्हती,
दरीत पडलं की पहिल्या टप्प्यापासून,
आणि सेल नेमके सहाव्याला मान टाकत,
लाल दिवा फिकट, किटली विरघळून जाई.
कोमाकीनं आपला डबा साई नदीत फेकला
आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात
तो शोधत राहिला.
मी काठावर उभी होते, त्याची चप्पल सांभाळत.

मीही खेळले. गोधडीत, विजेरीच्या उजेडात,
चार हिवाळे.
एकदाही जमलं नाही.

आता मी बस डेपोत तिकिटांचा हिशेब बघते.
इनागाकीसान समुद्राकाठी गळ आणि दोरे विकतात,
दर नव्या वर्षाला एक कार्ड येतं,
शाईनं काढलेली किटली, खाली एकच ओळ:
*अवघड झालं म्हणून लोक शिव्या देतात.
मी तुझं नाव सांगत नाही.*

मी आभाराचं कार्ड पाठवते.
त्यात हवामानाबद्दल लिहिते.

परवा भाचा आला, रिंतारो,
जुन्या बाजारातून तोच खेळ घेऊन.
रविवारची अख्खी दुपार
कोतात्सूत पाय घालून पडत राहिला.
"मावशी, कुठल्या दुष्टानं बनवलंय हे?"
मी चहा ओतला.
"तू कधी ओलांडलीस?"
"एकदा."
"कशी?"

सांगायला हवं होतं, पस्तीस वर्षांचं.
जिभेवर आलंही होतं.
"खिडकीबाहेर बघत होते," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय.
तरी त्यानं एकदा मान वळवली, बाहेर पाहिलं,
बाहेर कोरडा रस्ता, शेजाऱ्यांची सायकल,
छपरावर काहीच नव्हतं.
किटली खाली गेली. तेच तीन उतरते सूर.

तो पुन्हा पहिल्या टप्प्यावर.
दिवा फिकट व्हायला लागला होता.
मी उठले, ड्रॉवर उपसला,
पेन्सिल सेल तीनच सापडले,
चौथा भिंतीवरच्या घड्याळातून काढून दिला.