तळघरातला खर्ज

नारीनच्या शाळेत त्या दिवशी उणे एकोणीस.
बिश्केकहून आलेली झिबेकबाई
चेलो काढण्याआधी बराच वेळ
बोटांवर फुंकर घालत बसली.
आम्ही कोटांतच. मागे कुणीतरी
सूर्यफुलाच्या बिया सोलत होतं.

तिनं गज टेकवला
आणि भिंतीतला पाइप नेहमीसारखा घुमू लागला.
मुख्याध्यापकांनी डोळे वटारले.
असानबेक, आमचा बॉयलरवाला,
चोरासारखा पायऱ्या उतरून धावला.

पाइप गप्प.
तीही थांबली.
"माझा सूर कुणी नेला?"

असानबेक वर आला,
हाताला काजळी, टोपी मुठीत.
"चालू करा परत," ती म्हणाली,
"घाई नको, सावकाश."

मग खुंट्या पिळत, कान भिंतीला लावून
ती वाट बघत राहिली.
आम्हीही.
आला तो. आधी खोकत,
मग खालच्या खाली, लांबलचक,
आणि तिनं त्याच्यावर अलगद गज ठेवला.

काय वाजवलं ते आठवत नाही.
बिया सोलायच्या थांबल्या होत्या, एवढं खरं.

टाळ्या पडल्या तेव्हा
असानबेक खालीच होता, झडपेवर हात धरून.
त्याला वाटलं,
छपरावरचा बर्फ कोसळला.