इतर

केसपेपरवर शिकलगार मॅडमचं अक्षर: अंगाला चट्टे.
‘इतर त्वचारोग’मध्ये टाकून मोकळं होता येतं.
विट्यात कोण कुणाला ओळखत नाही!
नवरा कोइमतूरला, गलाईत.
तिथं टंच एक्याण्णव पॉइंट सहा
म्हणजे सहाच,
पाच म्हटलं तर पेढीवरून उठवतात.

मी लॅबचा कागद हुडकला.
सिफिलिस, दुसरी पायरी.
ए एक्कावन्न पॉइंट तीन.
लिहिणार, तर मागच्या पानावर
पेन्सिलीनं, पुसट: पाचवा महिना.

म्हणजे आधी ए नाही. ओ.
अठ्ठ्याण्णव पॉइंट एक.
ओ जरा मोठाच आला हातून,
आत कुणीतरी असल्यासारखा.

फोन लावला.
“मॅडम, तिला आजच बोलवा,
इंजेक्शन दोघांचं आहे.”
पलीकडं खुर्ची सरकली.
“तिघांचं,” म्हणाल्या,
“कोइमतूरचा नंबर आहे का बघा.”