छताला शिंपले

भरतीला अजून तीन तास आहेत,
ऑस्विन चार्ल्टन घड्याळ न बघता सांगतो.
नॉर्थम्बरलंडच्या कड्याला पाठ टेकून
थर्मास उघडतो, आणि चहाआधी
दगडाची एक कपची दातांखाली धरतो.
"करकरली तर गाळ.
लोण्यासारखी विरली तर चिकणमाती,
संथ, खोल पाण्यातली."
मी चावून पाहिली. करकरली.
म्हणजे नदीचं मुख फार लांब नव्हतं.

वर वालुकाश्म, अंगावर लाटांच्या सुरकुत्या.
त्यावर राखाडी माती, तिच्यात मुळांच्या काळ्या रेघा,
मग वीतभर कोळसा.
आणि कोळशावर, काही न सांगतासवरता,
चुनखडक.

"हाच थर आमच्या खाणीत कमरेएवढा.
सव्वीस वर्षं खणला, आडवा पडून.
दिवा वर केला की छताला शिंपले दिसायचे.
आम्ही म्हणायचो, छत पक्कं आहे, पडायचं नाही."
तो चहा फुंकतो.
"समुद्राचा तळ होता तो.
मी खाली, बुडालेल्या रानात."

खिशातून एक मणी काढतो, मधोमध भोक,
कुठल्याशा समुद्रलिलीच्या देठाचा.
इथली म्हातारी माणसं त्याला संताचा मणी म्हणतात.
"या एवढ्या कड्यात चारदा आला समुद्र."
"आणि रान? दर वेळी परत?"
"दर वेळी. पण तेच नाही."

बोलता बोलता बघतो तर
आमच्या येतानाच्या पावलांत पाणी भरलेलं,
कडेने फेस.

ऑस्विनने घड्याळ बघितलं.
मग कानाला लावून पाहिलं.