सगळे एक

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
हायड्रॉलिक पंप तपासायचा बेंच आहे.
त्याच्या संगणकात एक कार्ड,
कार्डात दाब मोजणारा खण,
आणि त्या खणाशी बोलणारा ड्रायव्हर मी लिहिलेला.
ड्रायव्हर म्हटलं की निंगाप्पा हुंदरे अजून विचारतो,
"गाडी कंची?"

मंगळवारी, दाब अडीचशेवर असताना,
बेंच हादरला, कार्ड खाचेतून केसभर उचललं.
केसभरच.
मी विचारलं, काम चालू आहे का?
बत्तीस बिटांचं उत्तर आलं,
बत्तीसच्या बत्तीस एक.

पलीकडे कुणी नसलं की बस अशीच बोलते.
शून्य नाही, गप्प नाही,
सगळ्यालाच हो.
चालू आहे? हो. संपलं? हो. बिघडलंय? हो.
"चालू आहे तोवर थांब" असं मीच लिहिलेलं,
म्हणून माझं लूप पहिल्याच हो-वर बसून राहिलं,
कुलूप हातात, इंटरप्ट बंद,
रिकाम्या घराच्या पायरीवर.
पडदा गोठला. दाब चढत राहिला.
निंगाप्पाने लाल बटणावर तळहात मारला
तेव्हा काटा तीनशे दहावर होता.
होज फाटली नाही. एवढंच.

हात पुसत तो म्हणाला,
"आत कोण न्हाई तर जा की गं घरला,
थांबून काय करूलीस?"

तिसऱ्या गेटजवळच्या भिंतीवर
उडालेल्या रंगात, दोन्ही भाषांत लिहिलंय,
आपण सगळे एक.
रोज जाता-येता वाचते.
त्या आठवड्यात स्कूटर दुसऱ्या रस्त्याने नेली.

आता मोजून विचारते.
दहा हजारदा, मग पुरे.
सगळे एक आले तर दुसरा प्रश्न: तुझं नाव काय?
पहिल्या खणात कारखान्याने कोरलेला क्रमांक असतो,
त्यात कुठेतरी शून्य असतंच.
नाव सांगता आलं नाही तर कुणी नाही.
कुलूप सोड,
वर जाऊन चूक सांग, आहे तशी,
मधेच गिळू नकोस.

जुन्या बेंचवरचं यंत्र तर हो-सुद्धा म्हणत नाही.
रिकाम्या पत्त्याला हात लावला
की अख्खा कर्नेल घेऊन कोसळतं.
तिथलं बाहुबली उपाध्ये सरांनी शिकवलं.
धोक्याच्या प्रत्येक ओळीची नोंद एका वेगळ्या तक्त्यात,
आणि नोंदीपुढे परत यायची जागा,
आधीच.
ओळीला स्वतःला ते ठाऊकही नसतं.
सर पुण्याची नोकरी सोडून शेडबाळला का परतले
असं कुणी विचारलं की म्हणतात,
तक्त्यात लिहिलेलं होतं.

शनिवारी निंगाप्पाला म्हटलं, उपट.
"चालू बेंचात?"
चालू बेंचात.
त्याने चप्पल काढून ठेवली, का कोण जाणे,
"यल्लव्वा, नी नोडको" पुटपुटला
आणि कार्ड ओढलं.

पडद्यावर एक ओळ:
कार्ड उत्तर देत नाही. काम थांबवलं.
मग दुसऱ्या वाटेचा वाल्व उघडला,
दाब फुस्स करून उतरला,
संगणकाचं घड्याळ सेकंद मोजत राहिलं
जसं काही झालंच नाही.
कार्ड उलटंपालटं करत निंगाप्पा म्हणाला,
"एवढंच व्हय?"

एवढंच नाही, पण त्याला कसं सांगू.
वाचण्याचं जमलं. लिहिण्याचं बाकी आहे.
लिहिलेला आकडा पत्रासारखा पेटीत पडतो,
पोचला की नाही ते त्याच पत्त्यावर
परत वाचल्याशिवाय कळत नाही,
आणि चूक येते ती उशिरा,
मी चार ओळी पुढे गेल्यावर,
माझं नाव न घेता.

निंगाप्पा चहा घेऊन आलाय.
विचारतोय, साखर चालते का.
कपात बघून मग हो म्हणते.