श्वास सोडून बघ

बोल्टनच्या लिलावात घेतलेले आठ व्हॉल्व्ह
अंड्यांच्या खोक्यात बसवून
मी ब्लॅकबर्नला गेलो, विनिफ्रेड हॅवर्थकडे.
वय एक्याऐंशी. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय.
बावीस वर्षं तिने चिमट्याने
केसाहून बारीक तारेच्या जाळ्या उभ्या केल्या.
दिवसाला किती, ते विसरले म्हणाली,
बोटांना विचार.

टेबलावर फडकं पसरलं.
आठांवर पांढऱ्या रंगात एकच कारखाना,
एकच ऐट.
पहिला तिने उचलला, नावावरून अंगठा घासला,
करपलेलं पातेलं घासावं तसा, जोर लावून.
नाव जागचं हललं नाही.
"खोटा."
कशावरून?
"आमचा रंग असला टिकाऊ नव्हता रे.
हात लागला की जायचा.
फोरमन ओरडायचा, बायांनो, बोटं आवरा!"

दुसरा. तिसरा. तीच चिवट नावं.
मी लिलावाची पावती आठवत होतो, आकडा आठवत होतो.

चौथ्याच्या माथ्यावर
चांदीचा आरसा असायला हवा तिथे दूध.
कधीतरी, कुठल्यातरी केसाएवढ्या चिरेतून
हवा शिरली होती आत.
"हा खरा होता," ती म्हणाली
आणि खाली न ठेवता
मुठीतच धरून बसली.

पाचव्याचं नाव पहिल्याच घासण्यात अर्धं गेलं.
"माथ्यावर बोट फिरव. साच्याच्या शिवणी चार?"
चार.
"आता खाली, पिनांच्या वर. तिरका धर दिव्याकडे.
दिसत नाही? मग श्वास सोड त्याच्यावर."
मी श्वास सोडला.
काच धुकटली, आणि धुक्यातून
करड्या रंगाची, ॲसिडने कोरलेली,
अंगठ्याला न भिणारी अक्षरं वर आली:
बी, सहा, के, दोन.
"बी म्हणजे आपण. के म्हणजे नोव्हेंबर, दुसरा आठवडा.
सहासष्टचा असेल तर माझा नव्हे.
मी घरी होते. जोन आठ दिवसांची.
माझ्या खुर्चीवर डॉरिस बसायची, डावखुरी.
तिचं वेल्डिंग बघ, कलतं."
भिंग लावलं.
पत्र्याच्या पायाशी एक टिंब
खरंच जरासं वाट चुकलेलं.

सहाव्याचंही नाव सहज निघालं.
मी खूश. श्वास सोडला.
बी नव्हतं तिथे. भलतंच अक्षर होतं.
म्हणजे हाही?
ती हसली, खोकला येईपर्यंत.
"शेवटी शेवटी बाहेरून यायचे. हंगेरीतून, कुठून कुठून,
पेंढ्यात गुंडाळलेले, उघडे, बिननावाचे.
छाप आम्हीच मारायचो.
मी मारलेत. हजारो."
मग हा खरा की खोटा?
"नाव सासरचं आहे त्याचं, एवढंच.
मी तरी कुठे जन्माची हॅवर्थ?"

तेवढ्यात चहा आला, दोन बिस्किटं, तिच्या गोळ्या.
निघताना म्हणाली, हा मेलेला तुला कशाला,
आणि चौथा कार्डिगनच्या खिशात टाकला.
त्याचे पैसे विचारले तिने. मी सांगितले नाहीत.

रात्री ॲम्प्लिफायरचं झाकण काढून
डावीकडे डॉरिसचा बसवला, उजवीकडे हंगेरीचा.
नारिंगी होत होत दोघंही उबदार झाले.
चेलोची एक तबकडी लावली.
कुठल्या बाजूला माहेर, कुठल्या बाजूला सासर,
कान लावून ऐकत राहिलो.
मग ऐकायचं विसरलो, नुसतं वाजत राहिलं.

सातवा आणि आठवा
अजून अंड्यांच्या खोक्यात आहेत.
त्यांच्यावर मी श्वास सोडलेला नाही.