नोंद नसलेला नमुना

बुधवारी गंगेवर बाजार भरतो.
पुलाच्या सावलीत, पायऱ्यांपासून जरा वर,
लंकाबाई भोये गोणपाट अंथरते
आणि मांडते
भोकं पडलेली मेथी.

"अळीनं खाल्लंय, म्हंजे चांगलंय.
तिला डबीवरचं वाचता येत नाई.
तिनं चाखलं, जगली.
आता तुमी खा."

मी हसते. सहा वर्षं याच वाक्याला हसतेय.

माझी नोकरी अंबडला, एका थंडगार खोलीत,
जिथे द्राक्ष गोड की आंबट
कुणी विचारत नाही.
पाच ग्रॅम लगदा, द्रावक, गाळणी,
मग पडद्यावर सुळके:
हे डावणीचं, हे भुरीचं,
हे दुकानदारानं "मारून बघा" म्हणून दिलेलं.
जर्मनीला किती चालतं
त्याचा तक्ता भिंतीवर आहे.
माझ्या घरात किती चालतं
तो कुणी लावलेला नाही.
नापास माल बंदरावर जात नाही.
मग कुठे जातो,
रिपोर्टात तेवढा रकाना नाही.
संध्याकाळी द्वारकेच्या सिग्नलला
हातगाडीवर टपोरे मणी चमकतात
आणि गाडीवर मागे बसलेला ओजस म्हणतो,
आई, घे ना.

म्हणून लंकाबाई.
म्हणून बुधवारी अर्धा तास लवकर निघणं,
बदल्यात महिन्यातून एक रात्रपाळी.
तिच्या कोथिंबिरीच्या मुळाला
गिरणाऱ्याच्या पलीकडची तांबडी माती असते,
पिशवीत, गाडीच्या डिकीत, मग माझ्या बेसिनमध्ये.
राख टाकते, म्हणते. आंबट ताक शिंपडते.
"दुसरं परवडत पण नाई."
हे शेवटचं वाक्य
मी मैत्रिणींना सांगताना गाळते.

मागच्या महिन्यात, रात्रपाळीला,
मशीन रिकामं होतं.
मी डब्याच्या पिशवीतून जुडी काढली.
का, ते नीट सांगता येत नाही.
शंका नव्हती.
बहुतेक मला ती कोरी, सपाट रेघ
एकदा डोळ्यांनी बघायची होती.
नमुना क्रमांक दिला नाही.

सुळका आला.

बारका. जर्मनीनंही जाऊ दिला असता.
पण मी त्याला ओळखते.
डावणीवर मारतात तो.
मेथीला डावणीचं कोण मारेल?

बुधवारी आडून विचारलं,
"मावशी, तुमच्या शेजारी काय आहे?"
"खैरनारांची बाग. दोन वर्सं झाली.
पहाटं ब्लोअर चालतो. धुकं येतं आमच्यात.
मी नातीला आत घेते,
हंड्यावर ताट झाकते."
"आणि मेथीवर?"

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग मी सांगितलं. सगळं नाही,
सुळका वगैरे नाही,
एवढंच की आलंय थोडं, वाऱ्यानं.

गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तिनं थांबवलं.
एकेक जुडी उचलून, मुळाची माती बघून,
तिनं गोणपाटावर दोन ढीग केले.
"ही टेकाडाकडची. ही बांधाकडची.
बांधाकडची पाच रुपये कमी."
गिऱ्हाइकानं विचारलं, दिसायला तर सारखीच, कमी का?
"ती वाऱ्यातली हाय," ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, ही कालची आहे.
त्यानं स्वस्तातली घेतली.

मला म्हणाली, "बांधाला शेवरी लावते, दाट.
दोन पावसाळे जातील."
आणि सुट्टे मोजता मोजता,
"तुमचं यंत्र वारा कुणाचा ते सांगतं का?"
नाही, म्हटलं.
"मंग अर्धंच यंत्र."

मी दोन्ही ढिगांतली एकेक घेतली.
टेकाडाकडचीच का नाही घेतली,
घरी पोचेपर्यंत स्वतःला विचारत होते.

रात्री ओजस आणि मी मेथी निवडत बसलो,
दोन्ही जुड्या एकाच परातीत झालेल्या.
एक अळी निघाली, हिरवी,
देठावरून चालत, जिवंत.
तो ओरडला, आई, ही बघ!

बघितली.
कुठल्या ढिगातली, ते कळेना.